माझी भोजनपत्रिका आणि वडीगोद्रीचं वऱ्हाड

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा तोंडात असताना ठसका लागला तर मी जबाबदार न्हाई! कारण मी जे सांगून राह्यलो, त्यात गाढव एकच आहे, अन् ते तुमच्यासमोर बशी घेऊन बसलंय.

गोष्ट निजामाच्या अमदानीतली. मी तवा जालन्यात व्यापाऱ्यांच्या घरी जाऊन शिकवण्या करायचो. सगळे मला मास्तर म्हणायचे. एकटा जीव. दोन्ही वेळचं जेवण स्टेशनच्या रस्त्यावर, गोदूमावशीच्या खानावळीत.

आता गोदूमावशी म्हणजे काय चीज होती, ते तुम्हाला कसं सांगावं? मूळची जांब समर्थची. नवरा लवकर गेला, तर बाई रडत बसली न्हाई. पदर खोचला अन् खानावळ काढली. तिच्या हातची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली की अशी टम्म फुगायची, की वाटायचं आता ही उडून चालली! हुलग्याचे शेंगोळे असे, की रस्सा संपला तरी माणूस वाटी चाटत बसायचा. येसराची आमटी. लसणाचे धपाटे. मेथीचा घोळाणा. अन् सकाळच्या पारी सुशीला!

का हसलात? सुशीला कोण म्हणता? अहो, खायचा पदार्थ आहे तो! आमच्याकडं घरोघर होतो. मुरमुरे पाण्यात भिजवायचे, पिळून घ्यायचे, मिरची, कांदा, कढीपत्त्याची खमंग फोडणी द्यायची, वरून डाळ्याचं कूट अन् लिंबू. झाली सुशीला! अन् मावशीची सुशीला म्हणजे... जाऊ द्या, तोंडाला पाणी सुटलं. ह्याच सुशीलेनं माझा घात केला, ते पुढं येईलच.

तर झालं असं. गाडीतून उतरलेले पाहुणे खानावळीत यायचे अन् पहिला सवाल, "मावशी, आज काय काय आहे?" की मावशी चुलीपुढून सगळी नावं घडाघडा म्हणायची. तोवर दुसरा आला. त्याचा तोच सवाल. पुन्हा पहिल्यापासून! चुलीचा धूर नाकात, ठसका घशात, अन् तोंडी घोळाणा-धपाटे-शेंगोळे!

एकदा हैदराबादचा कोणी व्यापारी जेवायला बसला अन् म्हणाला, "तुम्ही कैकू इत्ती तकलीफ करते? हमारे उधर होटलां में छपा हुआ कागज रैता. गिऱ्हाईक पढ लेता, उंगली रख देता. बस!"

मावशीच्या डोक्यात ते बसलं. मला म्हणाली, "मास्तर, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. मला एक तसला कागद करून द्या की. बोलून बोलून जीभ झिजली माझी."

बघा, बाईनं काय मागितलं? एक कागद! साधा! अन् मी काय द्यायला निघालो? संस्कृती!

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. हैदराबादच्या हॉटेलात कटलेट अन् सूप असेल, तिथं तो साहेबी कागद शोभतो. आपली भाकर, आपला घोळाणा. ह्या जेवणाचा कागद आपल्या रीतीचा पाहिजे. नुसता पाह्यला तरी कळलं पाहिजे, की हे मराठवाड्याचं अन्न आहे!"

"करा बाबा तुम्हाला कसं करायचं ते," ती म्हणाली. "भाकरी करपायली माझी."

झालं! मला झोप न्हाई की चैन न्हाई. शिकवणीला गेलो तरी पोरांना गणित घालायच्या ऐवजी मी पाटीवर वेलबुट्टी काढून राह्यलो! विचार केला, आपल्याकडं कुठलीही चांगली गोष्ट गणपतीशिवाय सुरू होती का? मंग वर गणपती पाहिजेच. शाई काळी नको, अशुभ दिसती. कुंकवाच्या रंगाची पाहिजे. कागद हळदीसारखा पिवळा. नाव काय द्यावं? 'यादी'? छे! यादी किराण्याची असती. मी नाव दिलं 'भोजनपत्रिका'. स्वतःवर इतका खूश झालो म्हणता, की वाटेत दोघांना विनाकारण रामराम घातला.

अन् भाव? ते तर मी छापायचेच न्हाईत असं ठरवलं. म्हणलं, अन्नपूर्णेच्या शेजारी आणे-पैसे लिहिणारा मी कोण?

कागद घेऊन गेलो रज्जाकभाईच्या छापखान्यात. रज्जाकभाई म्हणजे कलावंत माणूस! त्याच्यासारखे ठसे आख्ख्या जालन्यात कुणाकडं न्हवते. मी माझी कल्पना सांगितली अन् त्याचे डोळे चमकले. आत गेला, फडक्यात गुंडाळलेला एक ठसा घेऊन आला, अन् नव्या बाळाला दाखवावं तसं फडकं उघडलं.

"देखो मास्टर! दो कँवल की चौकट. बीच में तोते की जोडी. ऐसी चीज औरंगाबाद में बी नै मिलती!"

काय कोरीव काम होतं! शेजारी शेजारी दोन कमळं, अन् मधी चोचीला चोच लावून बसलेले राघू. मी हरखून गेलो.

"पण रज्जाकभाई, ह्या दोन कमळांत लिहायचं काय?"

"एक में दुकान की खास चीज डालो."

"मंग सुशीला टाका! मावशीची खासियत."

"हौ. और दूसरे में..." त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं. "अरे, जिन्ने इत्ता दिमाग लडाया, उसका नाम नक्को क्या?"

"न्हाई न्हाई, माझं नाव कशाला उगीच?" मी म्हणालो. अन् म्हणता म्हणता, द पासून सुरुवात करून वडलांच्या नावासकट सगळी अक्षरं त्याला सांगून मोकळा झालो!

आता तुम्ही डोळ्यासमोर आणा तो कागद. पिवळा धमक. वर गणपती. खाली लाल अक्षरात 'भोजनपत्रिका'. त्यातलं 'भोजन' बारीक, कारण छपाईचे मोठे खिळे कमी पडले, अन् 'पत्रिका' ही एवढी ठसठशीत! त्याखाली दोन कमळं. एका कमळात दत्तात्रय, म्हणजे मी. दुसऱ्या कमळात सुशीला. मधी राघू. त्याखाली, 'येत्या गुरुवारी शुभारंभ. सहकुटुंब सहपरिवार येऊन पंगतीची शोभा वाढवावी.' मंग सगळे पदार्थ. अन् शेवटी, 'आपली नम्र, गोदूमावशी.'

तुम्हाला कळलं ना? लगेच कळलं! मला कळलं न्हाई! रज्जाकभाईलाबी कळलं न्हाई. आम्ही दोघं त्या कागदाकडं असे पाहून राह्यलो होतो, जसं काही ताजमहाल आम्हीच बांधलाय.

मावशीला नेऊन दाखवला. तिला वाचता यायचं न्हाई. तिनं पिठाचे हात पुसले, कागद उजेडात धरला अन् म्हणाली, "अगं बाई! किती देखणं झालंय! कुणाचं हो लग्न?"

मी हसलो. वाटलं, काय कौतुक करती बाई! म्हणालो, "मावशी, आपल्या अन्नाचं जगाशी लग्न!"

असं टाळीचं वाक्य बोललो अन् वर तिलाच म्हणालो, "कागद असा कोरा देऊ नये. कोपऱ्यांना हळदकुंकू लावा." बिचारीनं एकेका कागदाला मायेनं हळदकुंकू लावलं. माझा शब्द तिनं कधी खाली पडू दिला न्हाई हो. तेच तर वाईट वाटतं.

नुसते खानावळीत ठेवून भागंल का? मी तो गठ्ठा घेतला अन् मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलो. गावोगावचे गाडीवान तिथं माल उतरवायचे. एकेकाच्या हातात देऊन सांगितलं, "गावात वाटा. सगळ्यांना आग्रहानं यायला सांगा."

आला गुरुवार.

मी नवं धोतर नेसलो, फिरोजी रंगाचा फेटा बांधला अन् खानावळीच्या दारात उभा राह्यलो. म्हणलं, चार व्यापारी येतील, पत्रिकेची तारीफ करतील, आपण लाजून 'त्यात काय एवढं' म्हणावं.

तेवढ्यात घुंगरं वाजली. पाहतो तर काय? बैलगाड्या! एकामागं एक! बैलांच्या शिंगांना गोंडे, गाड्यांत नटलेल्या बाया, पोरंसोरं. पुढच्या गाडीतून वडीगोद्रीचे केरबा पाटील उतरले. मोंढ्यात माल घेऊन आले की ते मावशीकडंच जेवायचे, मला तोंडओळखीनं ओळखायचे. पाटलांनी मला पाह्यलं, माझा फेटा पाह्यला, अन् दोन्ही हात पसरून आरोळी ठोकली,

"हे काय! नवरदेव सोताच दारात हुबा!"

"पाटील, मी... कोण नवरदेव?"

"लाजू नका, लाजू नका! आमच्या मावशीच्या भाच्याचं लगीन, अन् आम्ही येणार न्हाई व्हय? रातच्याला निघाल्तो!"

"अहो पाटील, मी मावशीचा भाचा न्हाई!"

"मंग मावशी कशापायी म्हणता?"

मी तोंड उघडेपर्यंत पाटलीणबाईंनी मला हळद फासली. कुणीतरी गळ्यात झेंडूचा हार घातला. मी जितकं 'लग्न न्हाई, लग्न न्हाई' म्हणू, तितक्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "नवरदेव घाबरलाय गं!" मागून सनईवाले आले. त्यांना कुणी बोलावलं? कुणीच न्हाई! गाड्यांची रांग पाहून ते आपणहून आले अन् वाजवायला बसले.

पाटील सगळ्यांना कागद दाखवून सांगून राह्यले होते, "अशी पत्रिका म्या जल्मात पाह्यली न्हाई! जेवणात काय काय हाय, तेबी आधीच छापलंय! ह्याला म्हणत्यात बराबर काम! न्हाईतर आपण कोसभर चालत जावं अन् ताटात निस्तं वरण पडावं!"

सनईच्या आवाजानं मावशी बाहेर आली. रस्ताभर माणसं. हळद लागलेला मी. तिनं एकदा माझ्याकडं पाह्यलं, एकदा पाटलाच्या हातातल्या कागदाकडं. समजली!

तुम्हीच विचार करा. एवढी माणसं लांबून उपाशी आलेली. परत धाडावी तर पंचक्रोशीत मावशीचं नाव गेलं. जेवू घालावी तर घरात रोजच्या गिऱ्हाइकापुरतं पीठ! दुसरी बाई असती तर तिनं उलथनं माझ्या टाळक्यात घातलं असतं, अन् मी 'मुद्दाम घाला' म्हणलो असतो.

मावशी ओट्यावर चढली. सनई थांबली.

"पाटील, अन् समद्या मंडळींनो, ऐका," ती म्हणाली. आवाज असा खणखणीत, की बैलसुदिक मान वर करून पाहू लागले. "ह्या घरात आज लगीन न्हाई. कागद जेवणाचा हाय. पर हा आमचा मास्तर शिकलेला हाय ना, त्यामुळं असं झालं. समजून घ्या!"

आधी पाटलांच्या पोटातून हसू आलं. अन् ते हसू असं पसरलं म्हणता, की गाडीवान चाकाला धरून हसले!

"लगीन न्हाई, पर पंगत खरी हाय," मावशी म्हणाली. "कागदावर जे जे छापलंय, ते ते पानात पडंल. माझ्या दारात आलेलं माणूस जेवल्याबिगर जायचं न्हाई. पाटलीणबाई, आहेरात काय आणलंय?"

"ज्वारीचं पीठ हाय, गूळ हाय, मेथीच्या जुड्या हायत..."

"लगीनच न्हाई तर आहेर कशाचा? आणा चुलीवर!"

पाह्यलंत? एका वाक्यात बाईनं सगळं फिरवलं! पाटलीणबाईंनी पदर खोचला. वडीगोद्रीच्या बाया परातीपुढं बसल्या. रस्त्यावर दगडांच्या चुली मांडल्या. मावशी ह्या चुलीवरून त्या चुलीवर. इथं मिठाची चिमूट, तिथं लसणाची फोडणी, अन् तोंडानं कुणाला ओरडणं न्हाई, रागावणं न्हाई. सगळ्यांना 'बाई' अन् 'दादा'. सेनापती पाहायचा असेल तर त्या दिवशी मावशीला पाह्यला पाहिजे होतं! मला तिनं फक्त एवढंच सांगितलं, "मास्तर, पाणी वाढा. कागदाला हात लावू नका."

मला वाटलं, चला, वाचलो. पण छे! खरं संकट पुढंच होतं.

त्याचं असं झाल्तं, की माझं खरोखरचं लग्न जुळत आल्तं. अंबडच्या अनंतराव वकिलांची मुलगी, इंदू. बोलणी झाल्ती, फक्त सुपारी फुटायची राह्यली होती. इंदूला मी एकदाच पाह्यलं होतं, अन् तेवढ्यावरच मी फिरोजी फेटे बांधू लागलो होतो! आता वडीगोद्रीचा रस्ता अंबडावरून जातो. गाडीवानांनी माझे कागद मोठ्या भक्तिभावानं अंबडच्या कचेरीसमोरही वाटले होते.

मी पाण्याची घागर घेऊन पंगतीत फिरून राह्यलो, अन् समोर वकीलसाहेब! काळा कोट. हातात पिवळा कागद. माझ्या गळ्यात हार, गालाला हळद. आता ह्यापेक्षा पक्का पुरावा कोणत्या कोर्टाला पाहिजे?

"दत्तात्रय! आमच्याशी बोलणी करता अन् इकडं पत्रिका छापता? कोण ही सुशीला?"

"वकीलसाहेब, ती... ती मुरमुऱ्यांची आहे."

"मुरमुऱ्यांची? कुठले हे मुरमुरे? ह्या घराण्याचं नाव कधी ऐकलं न्हाई मी!"

"घराणं न्हाई हो! ती भिजवून..."

"काय?"

"म्हणजे आधी भिजवायची, मंग पिळायची..."

"मुलीला?"

"मुलगी न्हाई ती! अहो, मी तिला रोज सकाळी..."

"बस्स! एक अक्षर बोलू नका!" वकीलसाहेब कागद नाचवत ओरडले. "माझी मुलगी वाचली! अल्ला मेहेरबान, वाचली!" संतापले की वकीलसाहेबांच्या तोंडी कचेरीतली उर्दू यायची.

इंदू गेली! डोळ्यांत पाणीच आलं. घागर तशीच कलली अन् एका पाहुण्याच्या पानात ओतली जाऊन राह्यली, तेही मला कळलं न्हाई.

तेवढ्यात मावशी आली. हातात वाफाळलेली बशी. वकीलसाहेबांना वाकून नमस्कार केला अन् म्हणाली, "साहेब, हीच ती सुशीला. एकदा पाहून घ्या, पसंत पडती का."

वकीलसाहेबांनी बशीकडं पाह्यलं. मंग कागदाकडं. खालचे सगळे पदार्थ पहिल्यांदाच नीट वाचले असावेत, कारण त्यांच्या मिशा हलल्या. हसावं की चिडावं, त्यांना ठरवता येईना. माणूस अडचणीत सापडला की करतो तेच त्यांनी केलं. एक घास खाल्ला.

त्यांनी दुसरा घास खाल्ला. मंग ओट्यावर बसले. मंग कोट काढला. बशी रिकामी झाली. मावशीनं न विचारता पुन्हा भरली. तीही रिकामी झाली. रुमालानं मिशा पुसून वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले,

"मुरमुऱ्यांचं घराणं चांगलं आहे."

मावशी त्यांच्या समोर बसली. हळू आवाजात म्हणाली, "साहेब, ह्या पोराचं मला काही नातं लागत न्हाई. पर ह्यो माझ्याकडं जेवतो. मी आजारी पडल्ते तवा शिकवण्या सोडून ह्यानं माझ्या चुलीत लाकडं घातली. भाकरी जाळल्या समद्या, ते सोडा. ह्यो कागदावर चुकंल, साहेब, माणसात चुकायचा न्हाई."

वकीलसाहेबांनी माझ्याकडं पाह्यलं अन् म्हणाले, "तोंड धुऊन घ्या. ही हळद चुकीच्या दिवशी लागली आहे."

म्हणजे? म्हणजे बराबर दिवशी लागणार होती! मी मावशीच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो, तर ती ओरडली, "अहो घागर! घागर सांभाळा आधी!"

असं माझं लग्न ठरलं. आजही इंदूच्या हातचं काही बिघडलं तर मी ब्र काढत न्हाई. बाईमाणसानं एकदा पंगत सांभाळलेली मी पाह्यली आहे, आपली लायकी मला बराबर कळाली आहे.

पण थांबा, उठू नका. अजून एक राह्यलं.

लग्न अंबडला, वकीलसाहेबांच्या दारात. पत्रिका अर्थात मलाच छापायची होती. आता मी शहाणा झाल्तो! राघू न्हाई, कमळ न्हाई. पांढरा कागद, काळी शाई, गणपती अगदी एवढासा. जेवणाचा तर एक शब्दही न्हाई! रज्जाकभाई पाहून नाराज झाला. "मास्टर, ये क्या, समन्स निकाले क्या?" तरी मी ऐकलं न्हाई. साऱ्या मोंढ्याला पत्रिका वाटल्या. केरबा पाटलांना तर खास माणसाहाती धाडली.

मी बोहल्यावर उभा राह्यलो. मुलीकडच्या बाजूला मांडव फुटेस्तोवर माणसं. माझ्या बाजूला गोदूमावशी, रज्जाकभाई, अन् मोकळी सतरंजी! वकीलसाहेब कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, लग्न नव्हतं तेव्हा आख्खा तालुका गोळा केलात. आज काय झालं?"

मला तरी कुठं ठाऊक होतं? पुढं बाजारच्या दिवशी केरबा पाटील मोंढ्यात भेटले. मी जरा रागातच होतो.

"पाटील, माझ्या लग्नाला आला न्हाईत!"

"लगीन?" पाटील चकित. "तुमचं लगीन झालं? कवा?"

"अहो, पत्रिका धाडल्ती की तुम्हाला! पांढरी!"

"ती लग्नाची व्हती व्हय?" पाटलांनी कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, आम्ही साऱ्यांनी बसून ती वरपासून खालपर्यंत वाचून घेतली. भाकर न्हाई, शेंगोळे न्हाई, कशाकशाचं नाव न्हाई! मंग मीच सगळ्यांना सांगितलं, मागं लगीन समजून गेलो तर निघालं हाटेलाचं, अन् ही तर काय लग्नाची पत्रिका दिसत न्हाई. मास्तरनं पुन्हा हाटेलाचं कायतरी छापलंय, ह्या खेपेला कुणी गाड्या जुंपू नका!"